भोंगेमास्तरांचे कान

मित्रांनो, मी एक जुना हॉर्न आहे. गाडीच्या पुढच्या जाळीमागे धूळ आणि चिलटं खात बसलेला. लोक मला भोंगा म्हणतात. म्हणोत बापडे! त्या गाडीत माझ्याइतकं स्पष्ट बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, त्यापुढे पत्र्याचा पातळ पडदा, आणि पाठीवर एक छोटा स्क्रू. तो स्क्रू केसभर फिरवला की माझा सूर बदलतो. कारखान्यातून आलो तेव्हा माझा आवाज फाटका होता. तो नीट लावला आमच्या मालकांनी. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. मोठे तिखट कानाचे! गॅरेजच्या आत बसून रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न ऐकायचे आणि म्हणायचे, "ह्याचा पडदा गंजलाय." उघडून बघावं तर खरोखरच गंजलेला. म्हणून सगळे त्यांना भोंगेमास्तर म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई.

ते माझे सुखाचे दिवस. घराच्या वळणावर मास्तर मला दोनदा दाबायचे, की मास्तरीणबाई हात पुसत दारात हजर. "आला वाटतं तुमचा लाडका बोंबलत," असं म्हणायच्या, पण हसत म्हणायच्या. मीही मग जरा जास्तच छाती फुगवायचो.

मास्तरांनी उभं आयुष्य आमच्यासारख्यांच्या तोंडाशी कान लावून काढलं. आम्ही हॉर्न आनंदाने ओरडायचो. त्याने काय होतंय, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? पुढे पुढे त्यांनी सूर लावलेले हॉर्न परत यायला लागले. फार किंचाळतो, अशी तक्रार. मास्तर चिडायचे. "लोकांना सुराची अक्कलच राहिली नाही!" म्हणायचे. हळूहळू कामं आटली आणि गॅरेज बंद झालं.

घरातही बिनसलं. मास्तरीणबाई मागून काही विचारायच्या, हे गप्प. "एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं, हीच रीत ह्या माणसाची!" त्या बडबडायच्या. मास्तरांना वाटायचं, बायको हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते, मुद्दाम. शेवटी बाईंनी बोलणंच सोडलं. जेवायला वाढलंय, एवढं ताट आपटून सांगायच्या. तेव्हा गाडी घरासमोरच्या शेडमध्ये धूळ खात होती आणि मी तिच्या नाकामागे बसून हे सगळं बघत होतो.

मग एकदा मास्तरांनी मनावर घेतलं. गाडी नव्यासारखी करायची आणि बायकोला घेऊन लांबवर फिरून यायचं. रुसवा निघेल, असं त्यांना वाटत असावं. वायरी बदलल्या, सीट शिवून घेतल्या. रंगाऱ्याला बजावलं, "बोटभर पत्रासुद्धा सोडायचा नाही." त्याने खरंच सोडला नाही. गाडी नवरीसारखी नटली. मलाही घासूनपुसून जागेवर बसवलं.

शेवटचं काम माझं. मास्तर बॉनेट उघडून पुढे उभे राहिले. मास्तरीणबाई नाइलाजाने स्टिअरिंगवर बसल्या.

"दाब गं!"

बाईंनी दाबलं. मी गप्प.

"मेला वाटतं. भंगारात द्यावा लागणार."

माझं काळीज लटकन हललं. अहो, मी मेलो नव्हतो! एका वायरीने वीज माझ्याकडे येते, ती बोल्टातून, गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जावी लागते. ह्या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. बोल्टाखाली नव्या रंगाचा थर बसला होता, वीज परतणार कुठून? मास्तरांनीच मग कपाळावर हात मारून घेतला. "रंग! अर्थच लागत नाहीये." त्यांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रंग खरवडला, लखलखीत पत्रा उघडा केला, मला पुन्हा आवळलं आणि मागे सरले.

"दाब आता!"

मी असा ओरडलो की शेडवरची कबुतरं उडाली.

मास्तर वाट बघत उभेच. "दाबलंस का?"

"दाबलं की!"

एरवी समोरच्याच्या ओठांकडे बघून ते नकळत निभावून न्यायचे. पण मध्ये बॉनेट होतं. "अगं, दाब ना! झोपलीस का?"

बाईंनी चिडून दाबून धरलं. समोरच्या घरातून कोणीतरी ओरडलं, "अहो, पुरे करा की आता!" मास्तर मात्र पुन्हा बोल्ट काढून खरवडायला लागले होते. "संपला हा. फेकूनच देतो."

गाडीचं दार उघडलं. मास्तरीणबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "अहो." ते वळले नाहीत. "अहो!" तरीही नाही. बाईंचा चेहरा उतरलेला मला दिसला.

"म्हणजे तुम्ही मला टाळत नव्हतात," त्या म्हणाल्या. तेही मास्तरांना ऐकू गेलं नाही.

त्यांनी पुढे होऊन हाताने खुणावत मला पुन्हा बोल्टावर बसवायला लावलं. बोल्ट आवळून झाल्यावर मास्तरांचा तळवा माझ्यावर ठेवला आणि आत जाऊन मला दाबलं. मी थरथरलो. मास्तरांनी हात काढला नाही. बाई परत पुढे आल्या.

"वाजतोय?"

बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

"मघापासून?"

पुन्हा मान डोलावली. मास्तर खाली फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. बाई त्यांच्याशेजारी बसल्या. ज्या कानांनी आम्हाला सूर दिला, ते आम्हीच खाऊन टाकले. माझ्याकडे रडायला डोळे नाहीत, नाहीतर मीही रडलो असतो.

मग तळव्याने अंदाज घेत मास्तरांनी माझा स्क्रू फिरवला. "कसा आहे सूर?"

"पूर्वीसारखा," बाई त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या. मी घोगरा वाजत होतो, मित्रांनो. पण त्या दिवशी त्यांना खोटं पाडायची माझी छाती नव्हती.

मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून मास्तरांनी गाडीची चावी खुंटीला लावली ती लावलीच. फिरायला जायचं राहिलं.

मित्रांनो, गाडी रंगवाल तेव्हा बोल्टाखालचा रंग खरवडायला विसरू नका. आणि घरातलं कोणी हाकेला वळत नसेल, तर रुसून आत जाऊ नका. पुढे येऊन त्याच्यासमोर उभे राहा. मास्तरांना थोडंफार ऐकू येत होतं, ती सगळी वर्षं त्या घरात अबोल्यात गेली. आता मास्तरीणबाई दिवसभर त्यांच्याशी बोलतात, आणि मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत त्यांचा आवाज आठवत बसतात.