वन्संना कुणी कळवलं?

“वन्संना कुणी कळवलं?” वहिनींनी विचारलं, आणि खोलीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

दारात नगरपालिकेची गाडी येऊन उभी होती. अंगण माणसांनी भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या शिंप्याने आपल्या दुकानातली बाकंसुद्धा आणून टाकली होती. सकाळपासून ज्याला जे सुचलं ते त्याने केलं होतं. कुणी चहा केला, कुणी डॉक्टरांकडून दाखला आणला, कुणी गाडी सांगून आलं. वहिनींचे यजमान, गावाचे फोनवाले, पहाटे गेले, हे एव्हाना गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. फक्त जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, त्या त्यांच्या थोरल्या बहिणीला काहीच माहीत नव्हतं.

शिंप्याला वाटलं होतं, हेडमास्तरांनी फोन केला असेल. हेडमास्तरांना वाटलं होतं, शिंपी भिंतीला भिंत लावून राहतो, त्यानेच केला असणार. आणि वहिनी? त्यांच्या मनात कुठेतरी अजून असंच होतं की कळवायचं काम ह्यांचं, हे बघतील.

ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण त्या गावाला तशी सवयच लागली होती. कुणाच्या घरी काही झालं की माणसं पहिल्यांदा फोनवाल्यांकडे यायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेलिफोनचं बूथ होतं. काचेची केबिन, आत एक स्टूल, आणि बाहेर टेबलापाशी स्वतः फोनवाले. रडणाऱ्या माणसाला नंबर फिरवता येत नाही, आणि लागलाच तर बोलता येत नाही, हे त्यांनी पहिल्या वर्षातच ओळखलं. तेव्हापासून असं कुणी आलं की ते त्याला पाणी देत, स्टुलावर बसवत आणि रिसीव्हर स्वतः हातात घेत.

त्यांची एक पद्धत होती. एकट्या माणसाला सांगायचं नाही आणि उभ्या माणसाला सांगायचं नाही. पलीकडे म्हातारी एकटीच आहे असं कळलं, तर तब्येतपाणी विचारत, इकडचं तिकडचं बोलत ते तिच्याकडून शेजारणीला हाक मारून घेत. “बसलात का?” असं विचारत. मग सांगत. आणि सांगून झाल्यावर फोन खाली ठेवत नसत. तिकडचं रडं ओसरेपर्यंत नुसते हूं हूं करत कानाला लावून बसत.

वहिनींना ह्या सगळ्याचा वैताग यायचा. जेवायला बसलेला माणूस ताटावरून उठून जायचा आणि परत आला की त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले, बूथ बंद पडलं, केबिनमध्ये वहिनींनी डबे रचून ठेवले आणि सुटलो बाई एकदाचे म्हणाल्या. कसलं सुटणं? माणसं यायचीच. आता आपापला मोबाइल घेऊन यायची आणि म्हणायची, “फोनवाले, तुम्हीच बोला.”

ह्या एका कामापायी ते गाव सोडून कधी राहिले नाहीत. शहरात बरी नोकरी मिळत होती, तिला नको म्हणाले. आईमागे ज्या बहिणीने त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं, तिच्याकडेही ते सकाळी जात आणि मिळेल त्या गाडीने मागे फिरत. “बाळ्या, एकदा तरी मुक्कामाला ये रे,” असं वन्सं म्हणत राहिल्या. आणि हा गावभराशी तासन्‌तास बोलणारा माणूस रोज संध्याकाळी बहिणीला फोन करून बरी आहेस ना, गोळ्या घेतल्यास ना, ठेवतो मग, एवढ्यावर आटपत असे. वहिनी म्हणत, अहो, जरा बोला की त्यांच्याशी. तर म्हणत, तिच्याशी काय बोलायचं, तिला सगळं माहीतच असतं.

आता दुपार टळत आली होती. वन्संचं गाव लांबचं. सकाळीच कळवलं असतं तर एव्हाना त्या येऊन पोचल्या असत्या, भावाचं तोंड त्यांना दिसलं असतं. हे वहिनींच्या लक्षात आलं. स्वतःचं दुःख बाजूला राहिलं आणि त्यांना भलतीच शरम वाटली.

हेडमास्तर म्हणाले, मी बोलतो. त्यांनी टेबलावरचा फोनवाल्यांचा मोबाइल घेतला, घसा खाकरला, चष्मा सारखा केला आणि फोन होता तिथेच ठेवून दिला. शिंप्याने मान खाली घातली. हेडमास्तरांच्या वडिलांची बातमी, शिंप्याच्या बायकोची बातमी, साऱ्या बातम्या फोनवाल्यांनीच सांगितलेल्या. हे काम स्वतः केलेलं एकही माणूस त्या अंगणात नव्हतं.

शेवटी वहिनींनीच फोन उचलला. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. आधी घरात कोण आहे ते विचारायचं, मग बसायला सांगायचं. मनाशी घोकतच त्यांनी नंबर लावला.

“काय रे बाळ्या, आज दुपारचाच?” वन्संचा आवाज आला.

घोकलेलं सगळं पुसून गेलं.

“वन्सं, मी बोलतेय. हे गेले.”

एकट्या आणि उभ्या बाईला त्यांनी धाडकन सांगून टाकलं होतं. पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

“कधी?”

“पहाटे.”

“पहाटे गेला,” वन्सं म्हणाल्या. “आणि मला आत्ता सांगतेस.”

वहिनींनी सबब सांगितली नाही. चुकलं म्हणाल्या, आम्हां सगळ्यांचंच चुकलं. आणि मग अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मी थांबवते सगळ्यांना. उद्यापर्यंत थांबवते, कुणी काही म्हणू दे. तुम्ही या.”

“कशी येऊ गं? मुलगा परगावी. मला जिना उतरवत नाही.” वन्संचा श्वास जड झाला होता. “आणि ह्या उकाड्यात त्याला उद्यापर्यंत ठेवू नकोस. हाल नकोत त्याचे.”

वहिनींना रडू आवरेना. त्यांना वाटलं, आता वन्सं फोन ठेवतील, आणि हे आयुष्यभर आपल्या मानेवर राहील.

“त्याला दे फोन,” वन्सं म्हणाल्या.

“वन्सं...”

“मला कळतंय तो बोलणार नाही. नाहीतरी कधी बोलायचा? कानाशी ठेव त्याच्या, आणि तुम्ही सगळे बाहेर जा.”

वहिनी आतल्या खोलीत गेल्या. उशाशी बसलेल्या बायकांना त्यांनी खुणेनेच उठवलं. फोनवाल्यांचे केस सारखे केले, फोन उशीवर त्यांच्या कानाला टेकवून ठेवला आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं.

गाडीचा ड्रायव्हर उशीर होतोय म्हणत आत आला होता. हेडमास्तरांनी त्याचा दंड धरून त्याला बाकावर बसवलं. काय चाललंय ते अंगणात हळूहळू सगळ्यांना समजलं आणि कुजबुज थांबली.

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. दाराआडून वन्संचा आवाज येत होता, बारीक, फोनमधला. आधी रडण्याचा, मग रागे भरल्यासारखा, मग अगदी हळू. शब्द कळत नव्हते. मध्येच तो थांबे, समोरच्याचं ऐकून घ्यावं तेवढा वेळ, आणि पुन्हा सुरू होई.