गुणाजीबुवांची दुसरी बारी

डॉक्टरांनी गुणाजीबुवांच्या आतड्यातली गाठ कापून काढली त्याला सात वर्षं झाली, पण तिची वाढ काही थांबली नाही. बुवा इस्पितळातून घरी आले तेव्हा ती लिंबाएवढी होती. पुढच्या गणपतीत हापूस आंब्याएवढी झाली, मग शहाळ्याएवढी, आणि गेल्या शिमग्यात लालबागच्या चाळीच्या गॅलरीत बसून बुवांनी तिचा थेट फणस केला.

"कापायला घेतली तर सुरीच चिकटायला लागली," बुवा सांगत होते. "शेवटी मोठ्या डॉक्टरांनी हाताला खोबरेल चोळलं, तेव्हा कुठे सुटली."

"फणस होतो पोटात," आतून जाईबाईंचा आवाज आला, "तर लेंग्याची नाडी कशी बांधी होतास?"

गॅलरी हसली. बुवा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. बायकोचा टोमणा मनाला लावून घेतला असता तर ते भजनीबुवा झाले नसते, आणि तेही डबलबारीचे. डबलबारी म्हणजे एकाच मांडवात दोन बुवांचा सामना. पहिल्याने पेटीवर बसून देवाचं नाव घेत समोरच्याची चामडी सोलायची, मग दुसऱ्याच्या बारीत आपली सोलून घ्यायची. कॅन्सरलाही बुवांनी असाच समोरचा बुवा ठरवून टाकलं होतं. आला, गायला, हरला, पेटी उचलून गावी गेला! पाच वर्षं पुरी झाल्यावर बुवांनी ग्रामदेवतेसमोर नारळ फोडला आणि इस्पितळाची वाट सोडली. जिंकलेल्या सामन्याच्या मांडवात परत जाऊन काय तोरणं मोजायची?

यंदा मात्र सून अपेक्षाने त्यांना जवळजवळ ओढतच परळला नेलं. तिथल्या डॉक्टर कालिंदीबाई वयाने लहान, भाषेने शुद्ध आणि नजरेने हेडमास्तर.

"काका, दुर्बिणीची तपासणी केव्हाच व्हायला हवी होती. का नाही आलात?"

"कशाला? पाच वर्षं वाट बघितली. तो काही परत आला नाही."

"तो नाहीच आला. मी दुसऱ्याबद्दल बोलतेय."

"आता हा दुसरा कोण?"

"नवा. ज्या आतड्यात एकदा कॅन्सर झाला, तिथे दुसरा, अगदी वेगळा, व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. होईलच असं नाही. पण बहुतेक वेळा सुरुवातीला नुसता कोंब असतो. दिसला की खुडायचा, विषय मिटला. न बघता वाढू दिला तर परत ऑपरेशन, आणि या वेळी कदाचित शौचासाठी पोटाला पिशवी."

भल्याभल्या बुवांना घाम फोडणारे गुणाजी स्वतःचाच घाम पुसत उठले. जिना उतरून फाटकाशी आल्यावर ते सुनेकडे वळले.

"अपेक्षा, म्हणजे मी नुसती बारी जिंकून सामना जिंकलो म्हणत होतो?"

"तसंच झालं, बाबा."

"नारळ पण फुकट गेला."

"नारळ कसा फुकट जाईल? पहिल्या बारीचा होता तो."

बुवांनी तिच्याकडे बघितलं. पोरगी चाळीत येऊन चांगली तयार झाली होती. "मग घे तारीख," ते म्हणाले. "समोरच्या बुवाला कळू दे, आमची पेटी अजून सुरात आहे."

आता या तपासणीची रीत अशी, की आदल्या दिवशी आतडं घासूनपुसून लख्ख करायचं. इस्पितळातल्या बाईने अपेक्षाला सांगितलं होतं, घट्ट काही खायचं नाही, फक्त पातळ, तेही आरपार दिसणारं, आणि लाल रंगाचं तर मुळीच नको. अपेक्षाने ऑफिसच्या गडबडीतून सासूला फोन केला, "आई, आज बाबांना फक्त पातळ द्या हं." बाकीचं सांगेपर्यंत तिच्या साहेबाने हाक मारली.

पातळ! कोकणातल्या बाईला पातळ म्हणजे काय, ते शिकवायला लागतं काय? जाईबाईंनी नारळ खवला, आमसुलं भिजत टाकली आणि तांब्याभर गुलाबी सोलकढी नवऱ्यापुढे ठेवली. ऑपरेशननंतर याच कढीने त्यांच्या तोंडाला चव आली होती. बुवांनी तांब्या रिकामा केला आणि वर इस्पितळाचं औषध घेतलं. त्याची चव बुवांच्याच शब्दांत सांगायची तर, लिंबू सरबतात कोणीतरी भिंतीचा चुना खरवडून घातला होता.

चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. पण त्या दिवशी मजल्याने त्यातला एक बुवांच्या नावावर करून दिला. शेजारचा चिंतामणी बुवांच्या भजनात झांज वाजवायचा. त्याने आपल्या दारातच बैठक मारली. बुवा धावत निघाले की तो झांज धरायचा.

"लय वाढव, बुवा, लय वाढव!"

"परत येऊ दे, मग दाखवतो लय!" बुवा धावता धावता ओरडायचे.

दुसऱ्या दिवशी बुवांनी झोपेचं इंजेक्शन नाकारलं. "समोरचा बुवा पेटीवर बसलाय आणि मी घोरत पडू? मला तोंड बघायचंय त्याचं." डॉक्टरबाईंनी हुज्जत घातली नाही. पडदा दिसेल असं त्यांना कुशीवर निजवलं आणि दुर्बीण आत सरकवली.

पडदा लाल झाला.

डॉक्टरबाईंनी दुर्बीण जागीच थांबवली. बुवांच्या ओठांवर तयार असलेला टोमणा तिथेच वाळला. आला, त्यांच्या मनात आलं. आपण इकडे फणस सोलत बसलो आणि हा आत पाय पसरून बसला. जाईबाईंचं काय होणार, हे मनात आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"काका," डॉक्टरबाईंचा आवाज आला, "काल काय काय प्यायलात?"

"पाणी. शहाळं. तुमचं ते औषध. आणि कढी."

"कसली कढी?"

"सोलांची. पातळ होती हो, एकदम पातळ!"

डॉक्टरबाईंनी दुर्बीण बाहेर घेतली. "पातळ होती, पण लाल होती. वर नारळाच्या दुधाचा थर. रक्त कुठलं आणि आमसूल कुठलं, मला कळायला मार्ग नाही. असा पडदा बघून मी 'आत काही नाही' असं म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात परत यायचं."

घरी जाईबाईंनी डोळ्याला पदर लावला. "माझ्याच हातान घात केलंय. तुमका ता विष परत पिऊचा लागतला."

"गप गो. तुझी कढी गावली तर तो मेलो जायत कशाक? मुक्कामच ठोकीत."

असं म्हणाले खरे, पण दुपारी पेटीवर बसले तर बोटं हलेनात. डोळ्यासमोरून तो लाल पडदा जाईना. चिंतामणी चौकशीला आला. "एकदा गेलास ना, बुवा? आता जाऊ दे. नशिबात असेल ते होईल."

बुवांनी मान वर केली. "काय म्हणालास? नशिबात? अरे, समोरचा बुवा पेटी लावून बसलाय आणि मी मांडवातनं उठून जाऊ? उद्या सगळा लालबाग म्हणेल, गुणाजी हगवणीला भ्याला!" आणि त्यांनी पेटीचा भाता असा ओढला की खालच्या मजल्यावरचं मांजर उठून गेलं.

दुसऱ्या खेपेला नुसतं पाणी, शहाळं आणि दूध न घातलेला चहा. जाईबाईंनी आमसुलाची बरणी शेजारी नेऊन ठेवली. पडदा स्वच्छ झाला. जुन्या टाक्यांपासून लांब, दुसऱ्याच टोकाला, डॉक्टरबाई थांबल्या.

"हा बघा."

बुवांनी मान लांब केली. मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी भिंतीला चिकटून बसलं होतं.

"हाच? एवढासा?"

"आज एवढासा. दुर्लक्ष केलं असतंत, तर कोणी सांगावं, पुढे फणस झाला असता."

बुवा चमकले. फणसाची गोष्ट परळपर्यंत पोचली होती तर! डॉक्टरबाईंनी तारेचा बारीक फास टाकला, आवळला, आणि दाणा सुटला. खोबरेल लागलं नाही.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण ठेवला असता तर तिकडेच गेला असता, त्या जातीचा होता. नवा कोंब फुटणार नाही याची हमी डॉक्टरबाईंनी दिली नाही. पुढची तारीख दिली.

संध्याकाळी गॅलरी भरली. चिंतामणी झांज मांडीवर घेऊन पुढेच बसला. "बुवा, या खेपेला केवढा? कलिंगड?"

बुवांनी जाईबाईंच्या सुपातला मुगाचा एक दाणा उचलला आणि तळहातावर ठेवला. "एवढा."

"छ्या! थापा नको मारूस!"

"आईशप्पथ एवढा."

कोणाचा विश्वास बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा बुवा गॅलरीत खरं बोलले आणि पहिल्यांदाच थापाडे ठरले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी दाणा दाताखाली घेतला आणि कडकन फोडला.

"पुन्हा येईल तो," ते म्हणाले. "येऊ दे. दर वेळी मुगाएवढा असतानाच गाठणार. त्याला फणस होऊ देत नाही मी. गो, आता तरी कढी आण!"

जाईबाई तांब्या घेऊन आल्या. बुवांनी तो उंच धरून धार तोंडात सोडली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "ठसको लागतलो."