विरोधकाची खुर्ची

स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावं का, यावर सार्वमत होणार होतं. 'हो'चा प्रचार करणाऱ्या आमच्या शाखेत दर मंगळवारी भाषणांचा सराव चालायचा. एकाने भाषण करायचं आणि दुसऱ्याने समोरच्या खुर्चीत बसून, स्वातंत्र्याला 'नाही' म्हणणाऱ्यांच्या वतीने त्याला सोलून काढायचं. त्या खुर्चीत वर्षभर माझी मोठी बहीण इशबेल बसली. स्वतंत्र स्कॉटलंडसाठी तिने माझ्याहून जास्त दारं ठोठावली होती, पण खुर्चीत बसली की जीव नकोसा करायची.

"पौंडच वापरू म्हणतोस. लंडनवाले देत नाही म्हणाले तर?"

"नुसत्या धमक्या आहेत गं."

"आणि खऱ्या निघाल्या तर? लॅकलन, आपलं चलन काढू म्हण. पहिली काही वर्षं जड जातील, हेही सांग. लोक काय कुक्कुली बाळं आहेत?"

ऑगस्टमध्ये माझं डोकं फिरलं. "तू आपल्या बाजूची आहेस की त्यांच्या?" असं तिला चारचौघांत विचारलं आणि खुर्चीच बंद करून टाकली. यापुढे फक्त उत्साहाचं बोलायचं, असं ठरलं. ठराव सगळ्यांचा, मूर्खपणा माझा.

मतदान सप्टेंबरातल्या एका गुरुवारी होतं. आधीच्या शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये शेवटची सभा. गाव अगदी काठावर होतं. आज वळलं तर वळलं. चहा फिरत असतानाच पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या मिसेस गेडिस उठल्या.

"लॅकलन, माझी पेन्शन कुठल्या पैशात येणार रे?"

"पौंडात, मिसेस गेडिस."

"त्यांनी नाही दिला तर?"

"धमक्या आहेत हो."

"आणि खऱ्या निघाल्या तर?"

मागे कुणीतरी हसलं. हा प्रश्न वर्षभर ऐकला होता, उत्तर एकदाही धड ऐकून घेतलं नव्हतं. काय करू? सगळ्यांदेखत हात जोडले.

"इशबेल, तू सांग. प्लीज, सांग ना!"

ती उठली. आपलं चलन, त्यासाठीची गंगाजळी, कुणाला किती झळ लागेल, काही म्हणजे काही लपवलं नाही. मागचा हसणाराही पुढे वाकून ऐकू लागला. माझ्या जिवात जीव आला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मिसेस गेडिस म्हणाल्या. "पटलं की मला."

"मग गुरुवारी..."

"कसलं गुरुवारी? परवाच पोस्टाने मत टाकून आले मी. 'नाही'वर खूण करून." त्यांनी शेजारणींकडे पाहिलं. "आम्ही सगळ्या एकत्रच गेलो होतो."

पहिली अख्खी रांग माना डोलावत होती.