गोल्फवरची बग्गी आणि खुर्शिदचाची

मी बग्गी बोलतेय. घोड्याची नव्हे, बॅटरीवर चालणारी. पांढऱ्या छताची, दारं नसलेली. शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या अंगाला, भीमेच्या काठी गोल्फचं मैदान आहे आणि त्याच्याभोवती बंगल्यांची वसाहत. तिथं मी राबते. वसाहतीला लांबलचक इंग्रजी नाव आहे, कमानीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं. गावातली माणसं मात्र नुसतं 'गोल्फ' म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं इतका खणखणाट होता की, ज्यांनी मला जोडलं त्यांनी माझ्यात मुद्दामच आवाज ठेवला नसावा. ट्रकवरून इथं उतरले तेव्हा हिरवळ नुकती धरू लागली होती. मला वाटलं, आता खेळाडूंना घेऊन हिंडायचं. पण खेळाडू आले थोडे आणि घर बघायला येणारे फार. पुण्याहून, मुंबईहून लोक येतात, माझ्या सीटवर बसतात आणि दुसरं घर घ्यावं की नाही याचा विचार करत मैदानाला वळसा घालतात.

मला चालवतो ईश्वर. वडगाव रासाईचा, बोलायला मोकळा. घरं दाखवतो तो रविराज. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, आणि मनाने वाईट नाही. लोक आधी पाणी विचारतात, मग मोबाइलची रेंज, मग आवाज जरा खाली आणून बिबट्या. आमच्या भागात उसाची शेती दाट, त्यामुळे ही भीती उगाच नाही. रविराज कुंपण दाखवतो. लोक मान डोलावतात, पण उसाकडे बघायचं काही सोडत नाहीत.

गेल्या थंडीत एका शनिवारी खुर्शिदचाची आल्या. सोबत नवरा शेखलाल आणि मुलगा झिशान. वसाहतीत एक बंगला पाहुण्यांसाठी सजवून ठेवलाय. घर घ्यायच्या विचारात असलेल्यांना तिथं एक मुक्काम करता येतो, त्यासाठी ते आले होते.

मूळचे हे शिरूरचे. शेखलालचाचांचं शिरूरला दुकान होतं, शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं. दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागले तसं झिशानने दोघांना कोंढव्याला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिथं काही दिवसांनी चाचा विसरू लागले. आधी माणसांची नावं, मग जेवलो की नाही ते. दिवाळीच्या आगेमागे ते पाव आणायला म्हणून खाली उतरले आणि संध्याकाळी हडपसरच्या भाजीबाजारात सापडले. एका भाजीवाल्याने त्यांना आपल्या खोक्यावर बसवून घेतलं होतं आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला होता. त्या दिवसापासून झिशानची झोप उडाली होती. त्यातूनच त्याने ही जागा शोधली. शनिवार-रविवार सगळे येतील, एरवी अम्मी-अब्बा राहतील, हवा चांगली, गाड्यांची भीती नाही.

मैदानाला वळसा घालताना रविराज चाचींच्या शेजारी बसून समजावत होता. गेट एकच आहे, रात्रंदिवस पहारा आहे, जागोजागी कॅमेरे आहेत.

"चाचा बाहेर जाऊच शकत नाहीत," तो म्हणाला.

चाचींनी हातातली पर्स मांडीवर घट्ट धरली. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आणि आत? आत त्यांना कोण भेटेल?"

रविराजने क्लबहाउस दाखवलं, तळ्याकाठचे बाक दाखवले. शनिवार होता, त्यामुळे माणसं होती. कुणी कुत्रा फिरवत होतं, कुणाकडे शेगडी पेटली होती, गच्चीवरून हसण्याचे आवाज येत होते. चाचांना सगळं आवडलं. माझ्या पत्र्यावर हात ठेवून ते ईश्वरला पुन्हा पुन्हा विचारत होते, ही मोटार कुठली. ईश्वर प्रत्येक वेळी नव्याने सांगत होता.

चाचींच्या मनात मात्र काहीतरी टोचत होतं. परत येताना त्या झिशानला हळूच म्हणाल्या की जागा सुंदर आहे, पण माझा जीव रमत नाही. त्याने विचारलं, का? त्यांना सांगता येईना. स्वच्छ रस्ता, फुललेली बोगनवेल, शांतता. यात नावं ठेवण्यासारखं काय होतं? आपणच म्हातारपणी किरकिऱ्या झालो की काय, असं त्यांना वाटलं.

त्या रात्री चाचांना गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी. सकाळी चाची बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. तळ्यावर बगळे उतरले होते, चाचा त्यांच्याकडे बघत चहा पीत होते. चाचींनी झिशानला सांगितलं, घे बाबा, तुझं मन असेल तर घेऊन टाक. झिशानने आईचा हात दोन्ही हातांत धरला. दुपारी रविराजकडे जाऊन पक्कं करायचं ठरलं.

रविवारी जेवणं झाली की आमच्याकडे डिक्क्या आपटल्याचे आवाज सुरू होतात. एकेक गाडी कमानीतून बाहेर पडते, एकेक पडदा ओढला जातो. चार वाजून गेले की वसाहत अशी होते, जणू तिथं कुणी राहतच नाही. मला ती वेळ ठाऊक आहे. बघायला येणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही, कारण तोवर तेही निघून गेलेले असतात.

झिशान रविराजच्या ऑफिसात गेला होता. चाचा आतल्या खोलीत आडवे झाले होते. चाचींनी असरची, म्हणजे दुपार उतरतानाची नमाज पढली, खाली अंथरलेला मुसल्ला गुंडाळला आणि वळून बघतात तर बाहेरचं दार सताड उघडं. दारातल्या चाचांच्या चपला नव्हत्या.

ईश्वर मला चार्जिंगला नेत होता. बॅटरीत फारसा जीव उरला नव्हता. वळणावर चाची समोरून आल्या, अनवाणी, ओढणी खांद्यावरून घसरलेली. त्या हाका मारत होत्या, "झिशानचे अब्बा, झिशानचे अब्बा," आणि दोन्ही बाजूंचे बंगले नुसते उभे होते.

"चाचा दिसले का रे कुठं?"

"न्हाई, चाची. बसा तुम्ही, बसा आधी."

ईश्वरने गेटवर फोन लावला. पहारेकऱ्याने सांगितलं की बाहेर कुणी गेलेलं नाही. चाचींनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. मग डोळे उघडले आणि त्यांना समोर पसरलेलं मैदान दिसलं. एक टेकाड, त्यामागं तसंच दुसरं टेकाड, मधे तळं, पुन्हा तसंच तळं. खूण म्हणून धरावं असं काहीच नाही. ना पानाची टपरी, ना मशीद, ना देऊळ, ना वाणी. ज्याला आपलं घरच आठवत नाही त्याने इथं कशावरून ओळखायचं?

आम्ही निघालो. ईश्वरने झिशानलाही फोन केला, तो दुसऱ्या बग्गीतून दुसऱ्या बाजूने शोधायला निघाला. कॅमेऱ्यांत काय दिसतंय ते रविराज बघू लागला. कॅमेरे रस्त्यांवर होते, गवतावर नव्हते.

प्रत्येक तळ्यापाशी चाचींनी मला थांबवायला लावलं. त्या उतरायच्या, काठापर्यंत जायच्या, पाण्याकडे बघायच्या. ईश्वर आणि मी मागे उभे. पाण्यात आभाळ आणि बगळे यांखेरीज काही नाही असं बघून त्या परत यायच्या आणि बसताना माझ्या दांडीला धरायच्या.

"कोंढव्यात हरवले तेव्हा भाजीवाल्याने फोन केला," त्या पुढे बघत म्हणाल्या. "इथं कोण करणार रे, बाबा?"

ऊन कलायला लागलं होतं. पलीकडच्या उसात पाखरं कलकलू लागली, आणि ईश्वरची नजर तिकडे वळली. बिबट्याचं नाव त्याने काढलं नाही. चाचींनीही काढलं नाही, पण त्याही तिकडेच बघत होत्या.

गवतावर बग्गी घालायची नाही असा आमच्याकडे कडक नियम आहे. ईश्वरने क्षणभर विचार केला आणि मला सरळ हिरवळीवरून उसाच्या बाजूच्या, दक्षिणेकडच्या कुंपणाकडे घातलं. वाटेत वाळूचा खड्डा आला, माझं पुढचं चाक त्यात आदळलं आणि काहीतरी कड्कन वाजलं. माझ्या बॅटरीचा काटा तांबड्यावर गेला होता. सगळा जीव मला एकाच गोष्टीत लावायचा होता, ती म्हणजे थांबायचं नाही. थांबले असते तर गुडघेदुखीची ही बाई त्या गवतातून अनवाणी पळत सुटली असती.

कुंपणाजवळ चाचा दिसले.

ते जमिनीवर बसले होते, जाळीला पाठ न टेकता, जाळीकडे तोंड करून. पलीकडे, उसाला लागून, झेंडूचं शेत होतं आणि बांधावर एक म्हातारी बाई बसली होती, साखरबाई. ईश्वर तिला ओळखत होता. दोघं मोटारीबद्दल बोलत होते. साखरबाई विचारत होती की मोटार जळाली तर भरायला किती दिवस लागतात, आणि चाचा सांगत होते. सांगून झालं की ती पुन्हा तेच विचारत होती.

चाची गुडघ्यांवर खाली बसल्या आणि त्यांनी चाचांचा खांदा धरला. चाचांनी वळून बघितलं. चेहरा उन्हाने तापला होता, हाताची बोटं जाळीने ओरबाडली होती.

"खुर्शिद," ते म्हणाले, "इथं दार कुठंय गं? मी कधीचा शोधतोय."

चाचींनी ओढणीच्या टोकाने त्यांचा चेहरा पुसला.

साखरबाई पलीकडून सांगू लागली. हा माणूस जाळी धरून चालत होता, पुढं जायचा, मागं यायचा. तिने हाक मारली तेव्हा थांबला. बोलता बोलता शिरूरच्या दुकानाचं नाव निघालं. तिचं माहेर कवठे येमाईचं, तिचे वडील मोटार त्याच दुकानातून भरून आणायचे. तिच्या लक्षात आलं की माणूस भानावर नाही. त्याला तहान लागली होती. जाळीतून बाटली जाईना, म्हणून तिने त्याला ओंजळ जाळीला लावायला सांगितली आणि बाहेरून पाणी ओतलं.

"मंग कुणाला हाक मारायला गेले न्हाई," ती म्हणाली. "गेट पार तिकडं. म्या उठले आस्ते तर ह्यो बी उठला आस्ता. म्हणून बोलत बसले. गाय वरडतीया कवाची, वरडू द्या."

चाचींनी जाळीच्या भोकातून दोन बोटं पलीकडे घातली. साखरबाईने ती धरली. एवढंच झालं.

झिशान धावत आला तेव्हा त्याला दम लागला होता. त्याने वडिलांना मिठी मारली, मग तो माझ्या सीटवर बसला आणि ओंजळीत तोंड झाकून रडला. सावरल्यावर मात्र तो म्हणाला की अम्मी, बघ, कुंपण होतं म्हणून वाचले. उघडं असतं तर उसात गेले असते, नदीवर गेले असते. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ईश्वरनेही मान हलवली.

"कुंपणाने त्यांना अडवलं," चाची म्हणाल्या. "पण सांभाळलं त्या बाईने. आणि ती बाहेर आहे, झिशान."

झिशानने जाळीपलीकडच्या साखरबाईकडे बघितलं. मग तो रविराजकडे गेला आणि नको म्हणून सांगून आला. रविराजने आग्रह केला नाही. त्याने चाचांसाठी पाण्याची बाटली आणली आणि त्यांच्या गाडीचं दार स्वतः उघडून धरलं.

पुढचं मला ईश्वरकडून कळलं, तो शिरूरला बाजाराला जातो. झिशानने दुसरं घर घेतलं, पण शिरूरला, जुन्या दुकानाच्या गल्लीत, भाड्याने. दोन खोल्या, समोर पिठाची गिरणी, शिवाय दिवसभर माणसांचा गलका. चाचा-चाची तिथं राहतात आणि शनिवारी झिशान येतो. सगळं ठीक झालं असं नाही. चाचा अजूनही निघून जातात. एकदा एस.टी. स्टँडवर सापडले, एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत. कडी वाजली की चाचींच्या काळजात अजून धस्स होतं. पण कडी वाजते, आणि दारात चाचांचा हात धरून कुणी ना कुणी उभं असतं.

तो पाहुण्यांचा बंगला नंतर एका जोडप्याने घेतला. दोघांनाही माणसांचा गलका नको होता आणि ते इथं सुखात आहेत. सकाळी बगळे मोजतात. जागा कुणाला मानवते, कुणाला नाही.

माझं पुढचं चाक त्या दिवसापासून तिरकं चालतं. ईश्वरला गवताबद्दल बोलणी बसली. पाहुण्यांसाठी आता नवी बग्गी आली आहे आणि मी खताची पोती वाहते. शेडमागे उभी असते तेव्हा कमानीतून येणाऱ्या गाड्या मला दिसतात. शनिवारच्याच, नेहमी शनिवारच्या.

तुम्हीही येणार असाल तर या. हवा खरंच चांगली आहे. पण शनिवारी येऊ नका. मंगळवारी या, दुपार टळल्यावर. पडदे ओढलेल्या बंगल्यांमधून एकदा पायी चाला, आपल्या माणसाला मोठ्याने हाक मारा, आणि ओ कोण देतं ते ऐका.