छबूबाईंच्या नावावरचं मरण

कळंबच्या छबूबाई हृदयविकाराने गेल्या, असं विम्याची नोंद सांगत होती. रक्तदाबाच्या नव्या गोळीच्या चाचणीत त्या होत्या. गोळी घेणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे स्वरूपा बारामतीच्या कार्यालयात बसून त्यांच्याच संमतीने विम्याच्या नोंदींवरून पाहत असे. मृत्यूची खात्री मात्र घरी जाऊनच करायची, असा नियम होता.

दार उघडलं ते छबूबाईंनीच.

स्वरूपाच्या हातातला फॉर्म पाहून त्यांना काय ते उमगलं. "या ताई, बसा. मेलेल्या बाईच्या हातचा चा चालंल न्हवं?"

कुणालाच हसू आलं नाही. ओसरीवर त्यांचे धाकटे दीर रामहरी मान खाली घालून बसले होते. दूध संस्थेचा विमा फक्त सभासदांना, आणि सभासद छबूबाई. धारा मात्र रामहरींची बायको जयवंता काढायची. तिच्या छातीत कळ आली तेव्हा छबूबाईंनीच आपलं कार्ड पुढं केलं होतं. जयवंता छबूबाईंच्या नावानं दवाखान्यात दाखल झाली आणि त्याच नावानं गेली.

"वहिनीच गेल्या म्हणून लिवा," रामहरी म्हणाले. "न्हायतर आमा दोघांवर केस व्हईल. गेलेलं माणूस गेलं, ताई. नावानं काय फरक पडतोय?"

"पडतो, काका. गोळी मावशी घेत होत्या. त्या गेल्या असं धरलं, तर ते मरण गोळीच्या माथी येईल." केसचं काय होईल, ते स्वरूपालाही माहीत नव्हतं. तसं तिनं सांगून टाकलं.

"भावजी," छबूबाई म्हणाल्या, "मरणाच्या दाखल्यावर बी माझंच नाव हाय. जयवंता कुठंच मेली न्हाय."

रामहरींनी मान वर केली.

"चार दिस दवाखान्यात व्हती. नर्सबायांसमोर मी तिला वहिनीच म्हणायचो. शेवटच्या दिशी तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. वहिनी दिराचा हात आसा धरती व्हय, म्हणतील म्हणून."

छबूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"लिवा," रामहरी म्हणाले. "जयवंता रामहरी. वय एकेचाळीस."

छबूबाईंच्या नावापुढे स्वरूपाने 'हयात' लिहिलं. जयवंतासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. तिनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

"आन् नवरा जवळ व्हता," रामहरी म्हणाले, "आसं बी लिवा."