सेर्वांदोचा नंबर

ऐका हो, मी बोलतेय. बाराकोआच्या खाडीकाठची, झावळ्यांच्या छपराखालची खानावळ. थापा मारण्यात मी वस्ताद आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या चुलीवर नारळाच्या दुधात मासा शिजायला लागला की समुद्रातली जहाजं दिशा बदलायची, असं मी जन्मभर सांगत आले. ग्वांतानामोची बस तर एकदा वासामागे तीन वेळा इथेच वळून आली. ते सोडून द्या. आजचं मात्र खरं आहे. ते खोटं निघालं असतं तर फार बरं झालं असतं.

मला उभं केलं इदाल्मिसने. नवरा दुसरीचा हात धरून हवानाला गेला, पदरात मुलगी युसीमी, आणि जवळ होती ती फक्त हाताची चव. खांब आणले सेर्वांदोने. पलीकडच्या टेकडीवर त्याची कसाव्याच्या कंदांची शेती. छप्परही त्यानेच शाकारलं. पुढे दोन वादळांनी माझं डोकं उडवून नेलं. दोन्ही वेळा तोच वर चढला.

इदाल्मिसची हाक पोचेल तेवढ्यातलंच माझ्याकडे शिजायचं. सकाळी ती अंगणात उभी राहून ओरडायची, "मासा कोणाकडे आहे गं?" खाडीतून उत्तर यायचं. "केळी?" डोंगरावरून उत्तर यायचं. कसाव्यासाठी मात्र तिला कधी ओरडावं लागलं नाही. तो माती धुऊन चुलीपाशी आलेलाच असायचा.

टेबलं चारच, म्हणजे बाकावर ताटकळणं आलंच. आमच्याकडे कोणी रांगेत उभं राहत नाही. आलेला माणूस विचारतो, "शेवटचं कोण?" कोणीतरी हात वर करतं. त्याच्यामागे आपला नंबर एवढं ध्यानात ठेवायचं आणि खुशाल सावलीत गप्पा हाणायच्या. सेर्वांदो रोज दुपारी यायचा, धुतलेला सदरा घालून. आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "शेवटचा मी. पण तू जा माझ्याआधी."

"अरे, तू जेवतोस की नुसत्या वासावर जगतोस?" बसवाला आर्गेलियो चिडवायचा.

"मला घाई नाही."

"अकरा वर्षं घाई नाही! तुझा नंबर लागेस्तोवर चुलीतली लाकडं परत झाडं होतील!"

घाई कशी असेल? सगळे जेवून गेले की इदाल्मिस आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर बसायची. त्या अर्ध्या तासासाठी हा माणूस पोटाला चिमटा काढून बसायचा. आणि बोलायचे काय, तर डुकरीण व्याली, पाऊस लांबला. इदाल्मिस सगळ्यांना "माझ्या राजा" म्हणायची. आर्गेलियोला, तपासणीसाला, कुत्र्यालासुद्धा. सेर्वांदोला मात्र नुसतं "सेर्वांदो". त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपली किंमत कुत्र्याहून कमी. ते नाव घेताना तिचा आवाज कसा मऊ व्हायचा, ते मला ऐकू यायचं. त्याला नाही.

मग मोठी होऊन माद्रिदला गेलेल्या युसीमीने तिथून बोलावलं. आई, कायमची ये, कागद तयार आहेत. इदाल्मिसने आठ दिवस उत्तर दिलं नाही. आठ दिवस माझ्याकडचा भात करपत होता.

नवव्या दिवशी सगळे गेल्यावर ती ताट न घेताच आली आणि बाकावर त्याच्याशेजारी बसली.

"शेवटचं कोण?"

तो हसला. "मी."

"मग तुझ्यानंतर मी. मला काही सांगायचंय. पण आधी तू बोल, सेर्वांदो. मनात असेल ते बोल."

त्याचे कान लाल झाले. टोपी काढली, परत घातली. तोंड उघडलं. आता बोलतो, आता बोलतो, म्हणून मी श्वास रोखला. आणि मेली ती सवय आड आली.

"छे छे, तू आधी. मला काय घाई आहे?"

मग तिनेच सांगून टाकलं. "युसीमी बोलावतेय. कायमचं. जाऊ का?"

"लेकीने बोलावलंय म्हणजे..." तो टोपीकडे बघत म्हणाला, "जायलाच हवं."

"आणि तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही गं. उद्या कसावा किती आणू, एवढंच."

हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. आजवर किती गिऱ्हाइकांच्या रश्श्यात मी काड्या टाकल्या, सरडे टाकले, एका नवरदेवाच्या मांडीवर तर अख्खी पाल सोडली. त्या दुपारी एक झावळी त्याच्या टाळक्यात हाणायला काय झालं होतं? वारा पडला होता, असं मी सांगत असते. खरं म्हणजे पुढे काय होतंय ते ऐकण्यात मीच गुंगले होते.

ती गेली. चूल विझली, टेबलं शेजाऱ्यांनी नेली, झावळ्या कुजल्या. सेर्वांदो अजून दुपारी येतो. परवा बाकावर बसून तो मोठ्याने म्हणाला, "इदाल्मिस, जाऊ नकोस. माझ्यापाशी राहा." एकदाही अडखळला नाही. मला भिंती असत्या तर मी ते धरून ठेवलं असतं. या बाजूने आलं आणि त्या बाजूने खाडीवर निघून गेलं.

तुमच्यापैकी कोणी माद्रिदला जात असेल आणि इदाल्मिस नावाची स्वयंपाकीण भेटली, तर त्याचं बोलणं तेवढं तिच्या कानावर घाला. जमलं तर लवकर. पुढच्या वादळात मी टिकेन असं वाटत नाही. मग तो बसणार कुठे?