रिकाम्या सभागृहाचा सीन

जयवंतने की-बोर्ड गुंडाळून ठेवला आणि वीजखात्यात मीटर वाचायची नोकरी धरली, त्याला चोवीस वर्षं झाली होती. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. ते असायला हवं होतं, हे त्याला पुण्याहून आलेल्या रुद्रेश नावाच्या दिग्दर्शकाने समजावून सांगितलं.

रुद्रेश स्वतंत्र सिनेमे करायचा. स्वतंत्र म्हणजे ज्यात निर्माता नसतो, नट नसतात आणि शक्यतो प्रेक्षकही नसतात. या वेळचा विषय होता, तारुण्यात गाजलेले आणि पन्नाशीत विझलेले वादक. विझलेल्यांच्या शोधात तो गोव्यात डिचोलीच्या बाजारात आला, आणि कुणीतरी त्याला 'नवतरंग ऑर्केस्ट्रा'चं नाव सांगितलं. नवतरंगपैकी तिघे शाबूत होते. एक जयवंत. दुसरा ढोलकीवाला सगुण, जो खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून आता चिकन विकत होता. तिसरी गायिका शुभांगी. ती शाळेत मुख्याध्यापिका झाली होती आणि गळा फक्त प्रार्थनेला आणि ओरडायला वापरत होती.

"तुमच्या डोळ्यांत मला पराभव दिसतो," रुद्रेश जयवंतला म्हणाला.

"तो मोतीबिंदू. मार्चात ऑपरेशन आसा."

रुद्रेशने तेही वहीत टिपून घेतलं.

सिनेमातला मुख्य प्रसंग असा होता: पंचवीस वर्षांनी कारापूरच्या सभागृहात या तिघांचा कार्यक्रम लागतो, आणि एकही माणूस येत नाही. तिघे रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवत राहतात.

"पण आमचो कार्यक्रम म्हटल्यार लोक येतलेच," सगुणने शंका काढली.

"नाही येणार. स्क्रिप्टमध्ये तसं लिहिलंय."

त्या आठवड्यात जयवंतची फेरी नेमकी कारापुरातच होती. मीटर वाचून झालं की तो प्रत्येक घरी कळकळीने बजावत होता, "शनिवारी धा वाजता आमचें शूटिंग आसा. कोणीच येवचें न्हय हां!"

शनिवारी साडेनऊलाच सभागृह भरलं. बायका गजरे माळून आल्या होत्या. दाराशी भज्यांचा गाडाही लागला. रुद्रेशने रंगमंचावर उभं राहून हात जोडले. "कृपा करून बाहेर जा. इथे कोणीही आलेलं नाही."

लोक समजूतदार. बाहेर गेले आणि खिडक्यांना लगडले. शुभांगीने पहिली ओळ म्हटली, दुसरी खिडक्यांनी म्हटली. ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. असे सात टेक झाले. पहिल्या टेकला जयवंतची बोटं लाकडासारखी होती, हवे ते सूर सोडून सगळे लागत होते, आणि रुद्रेश भलताच खूश होता. पण टेकागणिक बोटं सुटत गेली. सातव्याला तर त्याने मध्येच एक अशी जागा घेतली, की सगुणने ढोलकीवरूनच "वा रे!" अशी दाद दिली.

"हे फार आनंदी होतंय," रुद्रेश रडवेल्या आवाजात म्हणाला. "जरा वाईट वाजवाल का, प्लीज?"

"आता जमना," जयवंत खरं तेच बोलला.

नोव्हेंबरात सिनेमा पणजीला एका महोत्सवात लागला. तिघे सहकुटुंब गेले. जयवंतची बायको सिंधू तर लग्नातल्यासारखी नटली होती. तो प्रसंग पडद्यावर आला. रिकाम्या खुर्च्या. शुभांगीचं तोंड उघडत होतं, सगुणचे हात हलत होते, जयवंतची बोटं पळत होती, आणि आवाज नावाला नव्हता. रुद्रेशने तो अख्खा पुसून टाकला होता. चार मिनिटं.

"अहो, स्पीकर गेलो काय?" सिंधूने कानात विचारलं.

पुढच्या रांगेतल्या खादीवाल्या गृहस्थांनी उसासा सोडला. "काय बोलकी शांतता आहे!"

जयवंत आपल्या मुक्या बोटांकडे बघत राहिला. ती सातव्या टेकमधली बोटं होती, त्याने ओळखली. चोवीस वर्षांत जे कधी वाटलं नव्हतं, ते आता छातीत दाटून आलं. ते दुःख नव्हतं. चक्क राग होता.

सिनेमा संपला, प्रश्नोत्तरं सुरू झाली. खादीवाल्यांनी विचारलं, "हे तिघे खरंच वाजवायचे का हो?"

रुद्रेश मंद हसला. "तो प्रश्न मी प्रेक्षकांवर सोडलाय."

"वाजयतात!" जयवंत ताडकन उठला. तो आणखी काही बोलायच्या आत शुभांगी उठली, पदर खोचला आणि गायला लागली. सगुणने खादीवाल्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला. ते गृहस्थ घाईने दुसरीकडे बसले. जयवंतच्या हाताशी काहीच नव्हतं, म्हणून त्याने तोंडानेच खालचा सूर भरला. वरच्या सुराला शुभांगीचा आवाज फाटला. तिने न लाजता तो पुन्हा घेतला, या वेळी खालून.

रुद्रेशने कॅमेरामनला हाका मारल्या. तो चहा प्यायला गेला होता.

एक स्वयंसेविका धावत आली, पुढच्या सिनेमाची वेळ झाली म्हणाली. शुभांगीने तिला हातानेच थांबवलं आणि दुसरं कडवं घेतलं.